बाबांच्या बरणीतलं यीस्ट

आमच्या बाबांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि तरीही नागोयातल्या त्यांच्या अख्ख्या डिपार्टमेंटला खात्री होती की हा माणूस घरी दारू करतो. दोष सर्वस्वी त्यांचाच. ऑफिसच्या दर पार्टीत बाकीचे बीअरवर बीअर रिचवत असताना बाबा उलाँग चहाचा ग्लास धरून बसत. वर्षअखेरच्या पार्टीत कुणीतरी सहज विचारलं, तुमच्या देशात दारू नसतेच का हो? झालं! बाबांचा देशाभिमान जागा झाला. "नसते कशी? तुमच्या साकेच्या कितीतरी आधी आमचे पूर्वज मधाची दारू पीत होते," असं त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत ठणकावलं आणि वर, "मीच करून पाजतो तुम्हाला," हेही बोलून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारे ओकादा-सान बाबांच्याच वयाचे, शांत आणि दिलेला शब्द पाळणारे गृहस्थ होते. म्हणजे दुसरेही पाळतात असं समजणारे. गावाकडे त्यांच्या भावाच्या मधमाश्या होत्या. आठवड्याच्या आत आमच्या दारात मधाचा डबा येऊन थडकला, आपल्याकडे गोडेतेलाचा येतो तेवढा.

तेव्हा आम्ही कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, आणि हिवाळ्यात संपूर्ण संसार एकाच टेबलाखाली. कोतात्सु म्हणतात त्याला. बुटकं टेबल, त्याच्या पोटात हीटर आणि वरून चहूबाजूंनी खाली आलेली जाड रजई. त्यात पाय घालून आम्ही जेवायचो, भांडायचो, डुलक्या काढायचो, आणि आई त्याच रजईत दह्याचं पातेलं ठेवायची. पाय लांब करताना पातेल्याला लागला की स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "दह्याला पाय कुणाचा लागला?" संध्याकाळी रॉकेल विकणारी गाडी एकच रडवेली धून वाजवत गल्लीतून जायची. शेजारणीच्या खिडकीतून लाल मिसोच्या सूपचा वास येई, आमच्याकडून हिंगाच्या फोडणीचा जाई, आणि जिन्यात दोन्ही वास एकमेकांना वाट देत उभे असत. आई त्या शेजारणीशी रोज वाकून हसायची आणि रोज तेवढंच. तिला जपानी येत नव्हतं. बाबा ऑफिसात, मी बाहेर, आणि ती दिवसभर त्या दोन खोल्यांत. हे मला तेव्हा दिसत होतं असं म्हणणार नाही. विशीला टेकलेल्या मुलीला स्वतःपलीकडचं दिसायला चष्मा लागतो आणि तो पुढे पन्नाशीत मिळतो.

डबा पाहिल्याबरोबर आईने जाहीर केलं, "या घरात दारू होणार नाही." बाबा तिची समजूत काढण्याच्या तयारीत असतानाच ओकादा-सानांचा फोन आला. अवघड काही सांगताना जपानी लोक ओढतात तसा दातांतून बराच वेळ श्वास ओढून त्यांनी सांगितलं की एक गोष्ट सांगायची राहिली, घरी केलेल्या पेयात अल्कोहोल एक टक्क्याच्या आत असावं लागतं, त्यावर गेलं तर कायद्याने गुन्हा. बाबांचा चेहरा पडला. हा माणूस मध्यरात्रीच्या ओस रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबायचा. "व्हिसा जाईल," ते पुटपुटले. पण पाच मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर इंजिनिअरचं हसू उमटलं. "म्हणजे एक टक्क्याच्या आत असेल तर सरकारच म्हणतंय की ही दारू नव्हे! मग तुझी काय हरकत?" आईने कणीक जरा जोरात मळली.

आता प्रश्न आला यीस्टचा. मध आणि पाणी नुसतं ठेवून भागत नाही; त्यातली साखर खाऊन तिची दारू करणारं कुणीतरी लागतं, ते यीस्ट. जगभर लोक मधाची दारू करताना दणकट, शेवटपर्यंत दम धरणारं यीस्ट शोधतात. आमच्या बाबांना हवं होतं मंद. वास द्यावा, बुडबुडे द्यावेत, पण काम फार करू नये. "आळशी यीस्ट पाहिजे," ते म्हणाले. "असं की ज्याला आपण थांब म्हटलं की थांबेल."

"आळशीच हवं असेल तर घरात आहे की एक," आई माझ्याकडे बघून म्हणाली.

माझं तेव्हा असं होतं: बारावीला पडलेले मार्क चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून 'एक वर्ष जपान बघ, मग परत जा' असं ठरवून आईबाबांनी मला सोबत आणलं होतं. वर्ष संपत आलं होतं. पुण्यात आत्याकडे राहून बी.कॉम. करायचं, हे बाबांनी आत्याशी बोलून पक्कं केलं होतं. माझ्याशी बोलायचं राहून गेलं होतं. इकडे मी स्टेशनजवळच्या एका बेकरीत अर्धवेळ काम करत होते. बाइतो म्हणतात त्याला. पहिल्या महिन्यात ट्रे धुतले, दुसऱ्यात पाव पिशवीत भरले, तिसऱ्यात मालकीणबाई हायाशी-सान यांनी माझ्या हातात पीठ दिलं, आणि मी गेलेच. कामातून नव्हे, पिठात. सकाळी फुगून वर आलेला तो गोळा दाबताना जो श्वास सोडतो, त्याच्यासाठी मी पहाटेच्या थंडीत सायकल हाणत जायची. एप्रिलपासून नागोयातच बेकरीच्या दोन वर्षांच्या शाळेत जायचं, हे माझं ठरलं होतं. फॉर्मवर बाबांची सही हवी होती, आणि जानेवारी संपायच्या आत.

"पाव भाजायला शाळा?" बाबा म्हणाले. "आणि दोन महिन्यांनी कंटाळलीस की? हार्मोनियम सोडलीस, कथ्थक सोडलंस, जर्मनचा क्लास तर पुस्तकं घेऊन सोडलास. एक ना धड, भाराभर चिंध्या!" यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हणाले, "या वेळी नाही सोडणार." बाबांनी मधाच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे. तू यीस्टवाली आहेस ना? मग हे काम तूच कर. यीस्ट निवड, लाव, एक टक्क्याच्या आत थांबव, आणि संक्रांतीला ओकादा-सान जेवायला येणार आहेत, त्यांच्यासमोर ठेव. शेवटपर्यंत नेलंस आणि ते पिण्यासारखं झालं, तर मी सही करतो." मग, स्पर्धेशिवाय त्यांना पाणीही गोड लागत नसे म्हणून, पुढे म्हणाले, "दुसरी बरणी माझी. ओकादा-सान ज्या बरणीला चांगलं म्हणतील ती जिंकली. माझी जिंकली तर तू पुण्याला."

मी आधी छोट्या बाटल्यांत चाचण्या घेतल्या. बेकरीतलं पाकिटातलं यीस्ट पहिलं. ते इतकं उतावळं निघालं की कोतात्सूखाली फेस उतू जाऊन बाबांचे मोजे भिजले, आणि तरंगकाटा केव्हाच हद्दीपलीकडे गेला. हा तरंगकाटा म्हणजे बाबांनी विकत आणलेली काचेची नळी. गोड पाण्यात ती उंच तरंगते, साखर दारूत गेली की खाली बुडत जाते. किती बुडली की एक टक्का होतो याची लाल रेघ बाबांनी त्यावर स्वतः ओढली होती. हायाशी-सानांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दुकानात लिंबू सरबत मिळतं, ते द्या." शेवटी त्यांनी पावासाठी बेदाणे भिजवून जिवंत ठेवलेलं जे पाणी होतं, त्यातलं भांडंभर मागून आणलं. बेदाण्याच्या सालीवरचंच यीस्ट ते. पहिले दोन दिवस त्याने काही म्हणजे काही केलं नाही. मग सावकाश एकेक बुडबुडा सोडायला लागलं, एखादी वयस्कर बाई जिना चढते तसं, आणि वास मात्र असा की बाटलीचं तोंड सोडवेना. पिकल्या केळ्याचा, थोडा सफरचंदाच्या सालीचा. आईसुद्धा येता-जाता हुंगून जायची आणि 'छे, आंबट आहे' म्हणायची. मी हेच निवडलं. थंडीत ठेवलं की ते लगेच पेंगत होतं, बाबांच्या व्याख्येत चपखल बसणारं.

बाबांनी मात्र स्वतःचीच व्याख्या गुंडाळून ठेवली. ओकादा-सानांच्या ओळखीने त्यांनी थेट साके करणाऱ्यांचं यीस्ट मिळवलं, बोटभर बाटलीत, देवाच्या तीर्थासारखं दोन हातांनी धरून आणलेलं. "पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हेच केलंय त्यांचं यीस्ट आहे. तुझे बेदाणे कुठे लागतात!" ज्या सकाळी बरण्या भरायच्या, त्या सकाळी थंडीने डब्यातला मध साखरेसारखा गोठला होता. बाबांनी पाणी गरम करून त्यात मध विरघळवला आणि ट्रेनची वेळ झाली म्हणून तसंच यीस्ट ओतायला निघाले. आईने पातेल्यात करंगळी बुडवली आणि झटकन काढली. "अहो, कोमट तरी होऊ द्या."

"अगं, हे दही नव्हे!" बाबा म्हणाले, ओतलं, झाकण लावलं आणि गेले.

पुढे आईने काय केलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला ताटकळत ठेवून मला काय मिळणार आहे? सांगून टाकते. दोन बरण्या रजईखाली शेजारी शेजारी होत्या. माझी दुसऱ्या दिवशी कुजबुजायला लागली, तिसऱ्या दिवशी बोलायला लागली. बाबांची गप्प. बाबा संध्याकाळी कोट न काढताच रजई उचलून बघायचे आणि जेवताना दोनदा मीठ मागायचे. आईला ते बघवेना. तिच्या लेखी यात काही गूढ नव्हतं. विरजण गरम दुधात घातलं की मरतं, मग काय करायचं? दुसऱ्या पातेल्यातलं चमचाभर चांगलं दही त्यात सोडायचं. बाबा ऑफिसला आणि मी बेकरीत गेल्यावर तिने माझ्या बरणीतलं दोन चमचे पाणी बाबांच्या बरणीत घातलं, ढवळलं, झाकलं आणि भाजी निवडायला बसली. त्या रात्री बाबांच्या बरणीतून पहिला बुडबुडा आला, तेव्हा बाबांनी मला झोपेतून हलवून दाखवला. "बघ! साकेवाले! सुरुवात उशिरा, पण घराणं बघ!" आई पलीकडे तोंड करून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

काटा जसजसा रेघेजवळ आला तसतशा आम्ही बरण्या फ्रिजमध्ये नेल्या. आधी माझी, मग दोन दिवसांनी बाबांची. मी त्या दिवसांत एकही फेरी चुकवली नाही. कामावरून आले की हात धुवायचे, काटा सोडायचा, बघायचं. माझ्या लक्षात आलं की मला हे कुणी सांगावं लागत नाही. हार्मोनियमला बसवायला आईला पाठीत धपाटा घालावा लागायचा. बाबा हे सगळं पाहत होते, पण पाहिलं असं कबूल करतील तर ते बाबा कसले.

संक्रांतीच्या त्या दिवशी नेमकी जपानात सुट्टी होती, विशी गाठलेल्या मुलामुलींचा सण. ओकादा-सान पत्नीसह आले तेव्हा खालच्या रस्त्यावरून किमोनो घातलेल्या साधारण माझ्याच वयाच्या मुली तोंडातून वाफ काढत चालल्या होत्या. आईने पहाटेपासून खपून गुळाच्या पोळ्या, भोगीसारखी मिसळीची भाजी आणि पुण्याहून आलेल्या पिठाच्या बाजरीच्या भाकऱ्या केल्या होत्या. पाहुण्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून बाबांनी समजावलं, की आज हे खाऊन वर्षभर गोड बोलायचं असतं, भांडायचं नसतं. ओकादाबाईंना ते फारच आवडलं. मग दोन सारख्या सुरया पुढे आल्या. कुठली कुणाची ते आम्हाला तिघांनाच माहीत.

ओकादा-सानांनी माझी घेतली, मान डोलावली, "छान" म्हणाले. दुसरी घेतली आणि डोळे मिटले. परत घेतली. बायकोला दिली. दोघांचं आपसांत काहीतरी झालं आणि त्यांनी दोन्ही हातांनी दुसरी सुरई पुढे सरकवली. ही. ही गोड आहे, हिला धार आहे, पहिली जरा आंबटली. आणि ते खरं होतं. बाबांची बरणी उशिरा लागल्यामुळे कोवळी असताना थांबली होती. माझी फ्रिजमध्येसुद्धा हळूहळू आंबटत गेली होती. बाबांनी मांडीवर थाप मारली. मला पुण्यातलं आत्याचं घर दिसलं, तिथला माझा कोपरा, बी.कॉम.ची जाडजूड पुस्तकं.  पाहुण्यांसमोर रडायचं नाही म्हणून मी हसत राहिले.

आणि तेव्हा आई बोलली. मराठीत, आणि पोळीवर तूप सोडता सोडता, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच ठेवून. "अहो, ते यीस्ट तिचंच आहे."

बाबाही हसतमुखच. "काय म्हणतेस?"

"तुमचं पहिल्याच दिवशी गेलं. कढत पाण्यात घातलंत. मी तिच्या बरणीतलं विरजण लावलं तुमच्याला."

"विरजण!" बाबांनी ओकादा-सानांना भाजी वाढली. "माझ्या बरणीत? माझ्या साके-यीस्टच्या बरणीत?"

"तुमचं तोंड बघवत नव्हतं."

ओकादाबाईंनी आमच्याकडे पाहून मान डोलावली. त्यांना वाटलं असावं, पाककृती चालली आहे. मी तिळगुळाची वाटी धरून पुतळ्यासारखी बसले होते. बाबा हसत हसत म्हणाले, "मग इतके दिवस गप्प का बसलीस? मी तिच्यापुढे नाचत होतो, घराणं घराणं करत!"

"सांगायचं नव्हतंच मला. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हिला पोरगी इथेच ठेवायची आहे म्हणून ही तिची बाजू घेते."

"आणि तसं नाही?"

आईच्या हातातला तुपाचा चमचा थांबला. हसू मात्र जागच्या जागी होतं, पाहुणे समोर होते ना. "तसंच आहे," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी जाता ते रात्री येता. ती गेली तर मी दिवसभर कुणाशी बोलू? भिंतीशी? पण ते सोडा. माझ्यासाठी ठेवू नका. तिने या वेळी काही सोडलेलं नाही, हे तुम्हीही बघितलंय. खोटं सांगते का मी?"

बाबांचं हसू पहिल्यांदाच ढळलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मला वाटतं त्या वर्षात पहिल्यांदाच नीट, आणि मग त्या सुरईकडे. आमचे बदललेले चेहरे पाहून ओकादा-सानांनी, आपण खाऊ नये ते खाल्लं की काय, अशा काळजीच्या नजरेनं ताटाकडे पाहिलं. बाबांनी घसा साफ केला. मांडी बदलून ते गुडघ्यांवर ताठ बसले, जसे ते ऑफिसात मोठ्या साहेबांसमोर बसत असावेत. आणि जपानीत, एकेक शब्द जुळवत, ओकादा-सानांना म्हणाले, की तुम्हाला आवडलेली ही बरणी माझ्या मुलीच्या यीस्टची आहे. माझं यीस्ट मी मारलं. माझी मुलगी एप्रिलपासून इथे नागोयात पाव करायच्या शाळेत जाणार आहे. कृपया तिच्याकडे लक्ष असू द्या.

बाबांना मी ओळखत होते. मराठीत ते दहादा शब्द फिरवतील, इंग्रजीत पाचदा, पण ऑफिसातल्या माणसासमोर जपानीत बोललेलं ते मरेपर्यंत मोडणार नव्हते. ओकादा-सान आणि बाई माझ्याकडे वळून वाकले, अभिनंदन, अभिनंदन. मीही वाकले, कारण वाकल्यावर तोंड दिसत नाही.

"काय म्हणाले गं हे?" आई कुजबुजली. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. ती चमचा धरून तशीच थांबली होती, माझ्याकडून बाबांकडे, बाबांकडून ओकादाबाईंकडे बघत. "रागावले का? काय सांगितलं त्यांना?"

 मी बाहीने डोळे पुसत म्हणाले, "आई, मी इथेच राहणार आहे."

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पदराने डोळे टिपले, भराभर, कुणी बघायच्या आत.

"मग रडतेस काय वेड्यासारखी," ती म्हणाली. "ऊठ, पाहुण्यांना तूप वाढ."